गळती झालेल्या नकाशात जलचिन्ह सापडत नाही: दोष कुठे शोधावा

समस्या अशी असते. आपण तयार केलेली रस्ते, ओढे आणि वाड्यावस्त्यांची व्हेक्टर, म्हणजे बिंदू-रेषांच्या रूपातली, माहिती ग्राहकाला देताना तिच्यात जलचिन्ह, म्हणजे रोजच्या बोलण्यातला वॉटरमार्क, घातलेला असतो. काही महिन्यांनी तीच माहिती तिसऱ्याच कोणाच्या तरी संकेतस्थळावर किंवा एखाद्या प्रकल्प अहवालाच्या जोडपत्रात दिसते. आपण फाइल मिळवतो, शोधक स्क्रिप्ट चालवतो आणि उत्तर येते, “चिन्ह आढळले नाही.” नकाशा आपलाच आहे हे घाटातल्या वळणावळणावरून ओळखू येत असते, पण तो कोणत्या ग्राहकाच्या प्रतीतून बाहेर गेला हे सांगता येत नाही.

मी पुण्यातील एका लहान कार्यालयात सह्याद्रीच्या पट्ट्यातील अशी माहिती तयार करण्याचे काम करते. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी पूर्वपरवानगीची गरज उरली नाही, त्यामुळे आमच्यासारखी अनेक लहान कार्यालये या व्यवसायात आली आणि गळतीचा प्रश्नही त्यांच्या वाट्याला आला. आमच्याकडे हा प्रकार तीन वेळा घडला. पहिल्या दोन्ही वेळी मी दोष चिन्ह शोधणाऱ्या अल्गोरिदमला दिला आणि दोन्ही वेळी मुख्य दोष दुसरीकडेच निघाला. म्हणून ज्या क्रमाने मी आता तपासणी करते, त्याच क्रमाने पुढे लिहीत आहे.

आधी पाहा: ती प्रत चिन्हांकित होती का?

दुसऱ्या गळतीच्या वेळी मी चार दिवस शोधक स्क्रिप्ट दुरुस्त करण्यात घालवले. पाचव्या दिवशी वितरणाचे फोल्डर उघडले तेव्हा उलगडा झाला. एका ग्राहकाने संध्याकाळी घाईने फाइल मागितली होती आणि चिन्ह घालण्याच्या प्रक्रियेला पाऊण तास लागत असल्यामुळे आमच्या सहकाऱ्याने मूळ फोल्डरमधलीच शेपफाइल (नकाशा-माहितीची फाइल) झिप करून पाठवली होती. तिच्यात चिन्ह नव्हतेच, मग सापडणार कुठून? आणखी मागे जाऊन पाहिले तेव्हा एकच झिप दोन ग्राहकांना गेल्याचेही आढळले. तिथे चिन्ह वाचता आले असते, तरी दोघांपैकी कोणाकडे बोट दाखवायचे हे ठरवता आले नसते.

यावर उपाय शिस्तीचा आहे आणि तो यंत्राकडूनच पाळून घ्यावा लागतो. मूळ माहिती असलेले फोल्डर आता आमच्याकडे कोणत्याही माणसाच्या खात्यातून वाचता येत नाही. केवळ प्रत तयार करणारी स्क्रिप्ट ते वाचते. तीच स्क्रिप्ट ग्राहकाचा संकेतांक घालते, झिप तयार करते आणि वितरण नोंदवहीत एक ओळ लिहिते: दिनांक, ग्राहक, संकेतांक, माहितीची आवृत्ती आणि झिपचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलचा अंकीय ठसा. नोंदवहीत हॅश नाही अशी कोणतीही फाइल कार्यालयाबाहेर जात नाही. ही नोंदवही नसेल, तर पुढचे सर्व तांत्रिक उपाय करूनही हाती काही लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सापडलेली फाइल लगेच उघडू नका

गळती झालेली फाइल हाती येताच ती क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढून पाहण्याचा मोह होतो. जिओपॅकेज प्रकारची नकाशा-फाइल नुसती पाहण्यासाठी उघडली, तरी तिच्या शेजारी तात्पुरत्या फाइली तयार होतात आणि मूळ फाइलमध्येही बदल होऊ शकतो. तसे झाले की तिचा हॅश पहिल्यासारखा राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात हॅश नोंदवण्याची तरतूद आहे. म्हणून फाइल उतरवल्याबरोबर तिचा हॅश काढावा, फाइल कोणत्या पत्त्यावरून आणि किती वाजता घेतली हे लिहून ठेवावे, एक प्रत केवळ वाचता येईल अशा माध्यमावर बाजूला ठेवावी आणि सगळी तपासणी दुसऱ्या प्रतीवर करावी.

चिन्ह कुठे ठेवले आहे?

येथे खरी गुंतागुंत आहे. आमचे पहिले जलचिन्ह अक्षांश-रेखांशांच्या सातव्या दशांश स्थळात होते. पुण्याजवळचा एक बिंदू १८.५२०४३०२, ७३.८५६७४३७ असा असेल, तर शेवटचा अंक सम किंवा विषम करून एकेक बिट (शून्य किंवा एक) लपवला जाई. सातवे स्थळ म्हणजे जमिनीवर साधारण १ सेंटिमीटर, त्यामुळे नकाशाच्या अचूकतेला काहीच बाधा येत नव्हती. मात्र ज्या अंकाला नकाशात काही किंमत नाही, तो अंक टाकून द्यायलाही कोणाला काही किंमत मोजावी लागत नाही. फाइल हलकी करण्यासाठी कोणी पाच दशांश स्थळांवर जिओजेसन या मजकूर-स्वरूपात निर्यात केले की सगळे चिन्ह पुसले जाते. ही चोरी लपवण्याची युक्तीही असण्याची गरज नाही. संकेतस्थळ बनवणारे अनेक जण हे करतात. अक्षांश-रेखांशांतून यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणाच्या ४३ व्या पट्ट्यात आणि परत असे रूपांतर केले, तरी ते शेवटचे अंक बदलण्याची शक्यता असते.

व्हेक्टर टाइलमध्ये, म्हणजे संकेतस्थळावर दाखवण्यासाठी केलेल्या नकाशाच्या चौकोनी तुकड्यांमध्ये, तर हे आणखी ठळकपणे दिसते. अशा टाइलची जाळी सहसा ४०९६ एककांची असते. झूम १४ वर एका टाइलची बाजू विषुववृत्तावर सुमारे २४४६ मीटर असते, म्हणजे एक एकक सुमारे ६० सेंटिमीटर आणि पुण्याच्या अक्षांशावर जमिनीवरचे सुमारे ५७ सेंटिमीटर होते. या जाळीच्या छेदनबिंदूंवर प्रत्येक शिरोबिंदू, म्हणजे ज्यांना जोडून रेषा बनते त्यांपैकी प्रत्येक बिंदू, ओढून बसवला जातो. सेंटिमीटरभराची खूण त्यात टिकण्याचा प्रश्नच येत नाही.

म्हणून चिन्ह अशा जागी हवे जी बिघडवली तर नकाशाच बिघडेल. आमच्या रस्त्यांच्या माहितीची अचूकता आम्ही अडीच मीटरच्या आत सांगतो. तेव्हा दोन तिठ्यांच्या मधले शिरोबिंदू रस्त्याच्या दिशेला काटकोनात डावीकडे किंवा उजवीकडे ४० सेंटिमीटर सरकवले, तर ग्राहकाच्या कामात काहीही फरक पडत नाही आणि चोरालाही ते पुसण्यासाठी सगळे रस्ते पुन्हा काढावे लागतात किंवा इतके हलवावे लागतात की नकाशाची किंमत जाते. डावीकडे म्हणजे शून्य, उजवीकडे म्हणजे एक. तिठे आणि चौक मात्र जागचे हलवायचे नाहीत. एक तर तिथे अनेक रेषा एकत्र येतात आणि जोडणी तुटली की मार्ग शोधणारे सॉफ्टवेअर अडते. दुसरे, न हलवलेले हेच बिंदू पुढे शोधकामात टाचण्यांसारखे उपयोगी पडतात.

आता आणखी एक चूक, जी पहिल्या गळतीत मला भोवली. कोणत्या शिरोबिंदूत कोणता बिट, हे मी शिरोबिंदूच्या क्रमांकावरून ठरवत होते. समोरच्याने डग्लस-प्यूकर पद्धतीने रेषा सुलभ केल्या, काही शिरोबिंदू गळले आणि पुढचे सगळे क्रमांक सरकले. पहिल्याच वळणानंतर वाचन भरकटले. दशांश स्थळे शाबूत राहिली असती, तरी ते चिन्ह माझ्या हाती लागले नसते. आता आम्ही नकाशावर ५०० मीटरची चौरस जाळी कल्पितो. प्रत्येक चौकटीचा क्रमांक आणि आमची गुप्त किल्ली यांच्या हॅशवरून त्या चौकटीत ग्राहकाच्या संकेतांकाच्या ६४ बिटांपैकी कोणता बिट जाणार हे ठरते आणि चौकटीतले सगळे सरकवता येण्याजोगे शिरोबिंदू तोच बिट वाहून नेतात. त्यामुळे फाइलमधील क्रम बदलला, रेषा तोडून जोडल्या, दिशा उलटवल्या किंवा एखादा तालुकाच कापून घेतला, तरी वाचन चुकत नाही. ३० किलोमीटर लांब आणि तितक्याच रुंद तालुक्यात अशा ३६०० चौकटी येतात, म्हणजे प्रत्येक बिटाच्या वाट्याला पन्नासहून अधिक. मात्र ५ किलोमीटरचा तुकडा असेल, तर चौकटी १०० च राहतात आणि ६४ पैकी १० ते १५ बिट अजिबात दिसत नाहीत. लहान तुकडे विकणाऱ्यांनी जाळी लहान करावी किंवा संकेतांक आखूड करावा.

एक इशारा मनापासून द्यावासा वाटतो. ही पद्धत रस्ते, ओढे, पायवाटा यांच्यासाठी ठीक आहे. गट नंबरच्या हद्दी, पुलाच्या सर्वेक्षणाचे बिंदू किंवा ज्यांवरून कोणाच्या जमिनीचे माप ठरणार आहे अशा रेषा कधीही सरकवू नयेत, मग ते सरकवणे १० सेंटिमीटरचे का असेना. तिथे प्रत्येक ग्राहकासाठी नोंदींचा क्रम आणि हद्दरेषा जिथून सुरू होते तो पहिला बिंदू वेगळा ठेवता येतो. ही खूण कच्ची असते, हे खरे, पण ती कोणाचे बांधावरचे भांडण वाढवत नाही. माहितीला हातही न लावणारी शून्य-जलचिन्हाची पद्धत मालकी दाखवायला उपयोगी आहे, पण तिच्यात सगळ्या ग्राहकांना तीच फाइल जाते, त्यामुळे गळती कोणाकडून झाली हे ती सांगू शकत नाही.

वाचताना होणाऱ्या चुका

चिन्ह जागेवर असूनही सापडत नाही, याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे तुलना करण्यापूर्वी दोन्ही नकाशे एकाच प्रक्षेपणात आणि एकाच डेटममध्ये (मोजणीच्या आधार-चौकटीत) आणलेले नसतात. एव्हरेस्ट गोलाभावर आधारित जुन्या डेटमचे लेबल चुकून लागले असेल, तर सगळा नकाशाच सरकलेला असतो आणि त्यात ४० सेंटिमीटर शोधणे अशक्य होते. प्रक्षेपणाची फाइल खरे सांगते यावर विसंबू नये. न हलवलेले तिठे दोन्ही नकाशांत ओळखावेत, त्यांच्यावरून रूपांतर बसवावे आणि मगच प्रत्येक शिरोबिंदू मूळ रेषेच्या कोणत्या बाजूला पडला ते मोजावे. मूळ नकाशा आपल्याच हातात असतो, हा आपला मोठा फायदा आहे. तो न वापरता नुसत्या गळालेल्या फाइलवरून चिन्ह वाचण्याचा हट्ट करू नये. एकेका शिरोबिंदूवर विश्वास न ठेवता प्रत्येक चौकटीची सरासरी घ्यावी. झूम १४ च्या जाळीने प्रत्येक अक्षावर आलेली चूक जास्तीत जास्त २८ सेंटिमीटरच्या आसपास आणि दोन्ही बाजूंना सारखी असते. वीस-तीस शिरोबिंदूंच्या सरासरीत ती विरून जाते आणि सरकवलेले ४० सेंटिमीटर शिल्लक राहतात.

किती बिट जुळले म्हणजे ओळख पटली, हेही आधीच ठरवून लिहून ठेवावे. कोणताही संबंध नसलेल्या नकाशातसुद्धा ६४ पैकी ३२ च्या आसपास बिट योगायोगाने जुळतातच. ५२ जुळण्याचा योगायोग दहा लाखांत एकापेक्षाही कमी वेळा घडेल. पण आपण २०० ग्राहकांच्या संकेतांकांशी तुलना करत असू, तर खोटा आरोप होण्याची शक्यता साधारण वीस हजारांत एक इतकी वाढते. एखाद्या ग्राहकावर विश्वासघाताचा आरोप करण्यासाठी मला ते पुरेसे वाटत नाही. आम्ही ५६ ची मर्यादा ठेवली आहे.

मर्यादेच्या खाली, ४८ च्या आसपास, दोन ग्राहकांचे संकेतांक एकाच वेळी जुळताना दिसले, तर शोध सोडून देऊ नये. दोन प्रती एकत्र करून त्यांची सरासरी काढली असण्याची ती खूण आहे. अशा फाइलमध्ये ज्या चौकटींत दोघांचे बिट वेगळे होते, तिथे सरकणे जवळजवळ शून्य होते आणि जिथे सारखे होते तिथे ते पूर्ण ४० सेंटिमीटर राहते. शून्याजवळच्या चौकटी वगळून पुन्हा तुलना करावी. उरलेले बिट दोघांशीही पूर्ण जुळले, तर कट उघड होतो. तीन-चार जण एकत्र येण्याची भीती असेल, तर यादृच्छिक संकेतांकांऐवजी गाबोर टार्डोश यांनी २००३ मध्ये मांडलेल्या प्रकारचे कटरोधक संकेतांक वापरावेत. ते बरेच लांब असतात, हे लक्षात घेऊनच जाळी आखावी.

रास्टर, म्हणजे पिक्सेलच्या चित्ररूपातल्या, नकाशांबद्दल थोडक्यात: पिक्सेलच्या शेवटच्या बिटात लपवलेले चिन्ह पहिल्याच जेपेग संक्षेपात जाते, आणि पीडीएफ नकाशावर घातलेले छपाईबंदीचे कुलूप सहज उपलब्ध असलेल्या साधनांनी क्षणात निघते. स्क्रीनशॉट पाहून कोणी हाताने रेषा काढल्या असतील, तर ४० सेंटिमीटरची खूणही उरत नाही. तिथे आपण केलेली निवड, गाळलेल्या वाटा आणि आपल्या नकळत झालेल्या चुका हाच पुरावा ठरतो.

खोटी वाडी घालावी का?

हा सल्ला अनेक जण देतात आणि त्याला जुनी परंपरा आहे. १९३० च्या दशकात जनरल ड्राफ्टिंग कंपनीने न्यूयॉर्क राज्याच्या नकाशात ‘अ‍ॅग्लो’ नावाचे काल्पनिक गाव घातले. पुढे त्या जागी खरोखरच त्या नावाचे दुकान उभे राहिले आणि नकाशातली खोटी खूण खरी ठरली. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हेने मात्र रस्त्यांच्या जाडीसारख्या रेखाटनातील लकबींवरून नक्कल ओळखली आणि २००१ मध्ये ऑटोमोबाइल असोसिएशनने २ कोटी पौंड देण्याचे मान्य करून वाद मिटवला. खोटे गाव न घालताही पुरावा उभा राहतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आमच्या माहितीवर पायवाटांचे नकाशे तयार होतात, पावसाळ्यात लोक त्यांच्या आधाराने घाट उतरतात. नसलेली वाट किंवा नसलेले टाके दाखवणे हे माझ्या मते अक्षम्य आहे.

कायद्यासाठी दोन वेगळी चिन्हे ठेवा

प्रताधिकार कायदा, १९५७ मध्ये नकाशा हा कलाकृतीच्या व्याख्येत येतो, तर संगणकीय माहितीसंच साहित्यकृतीच्या व्याख्येत येतो. केवळ कष्ट केले म्हणून संरक्षण मिळत नाही; ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या डिसेंबर २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कौशल्य, विवेक आणि किमान सर्जनशीलता यांची अपेक्षा ठेवली आहे. म्हणून कोणती वाट का घेतली, वाडीचे नाव कोणाला विचारून ठरवले, याच्या क्षेत्रभेटीच्या वह्या जपून ठेवाव्यात.

२०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ब हक्क व्यवस्थापनाची माहिती जाणूनबुजून काढून टाकणे किंवा बदलणे हा गुन्हा ठरवते आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. परंतु या माहितीच्या व्याख्येतून वापरकर्त्याची ओळख पटवण्यासाठी केलेली योजना स्पष्टपणे वगळली आहे. म्हणजे ग्राहकाचा संकेतांक पुसला गेला, एवढ्यावर या कलमाचा आधार घेता येणार नाही. यासाठी आम्ही प्रत्येक प्रतीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो: कृतीचे नाव, हक्कधारकाचे नाव, पत्ता आणि वापराच्या अटी मेटाडेटात (फाइलविषयीच्या माहितीत) आणि अ‍ॅट्रिब्यूट टेबलच्या एका स्तंभात उघडपणे, ग्राहकाचा संकेतांक मात्र रेषांमध्ये लपवून.

आपल्या माहितीत ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचा अंश असेल, तर हा सगळा दावाच सांभाळून करावा लागतो. २०१२ पासून लागू असलेल्या त्याच्या परवान्यानुसार त्या माहितीपासून बनवलेला संच लोकांना दिला की तो त्याच परवान्याखाली द्यावा लागतो आणि तांत्रिक बंधन घातलेली प्रत देताना बंधनमुक्त प्रतही उपलब्ध करावी लागते.

वितरणाची वाट

‘लिंक असलेल्या कोणालाही’ उघडणारी साठवणुकीची लिंक पाठवणे आधी बंद करावे. प्रत्येक ग्राहकासाठी स्वाक्षरीकृत, ठरावीक तासांनी बाद होणारी लिंक द्यावी, झिपचा पासवर्ड वेगळ्या मार्गाने कळवावा आणि फाइल कधी उतरवली गेली ते नोंदवहीत यावे. समुद्री नकाशांच्या क्षेत्रात आंतरराष्ट्रीय जलमापन संघटनेची एस-६३ योजना याहून पुढे जाते: नकाशाचे तुकडे कूटबद्ध असतात आणि ते उघडण्याचा परवाना जहाजावरच्या विशिष्ट यंत्रणेसाठीच दिला जातो. जमिनीवरच्या आपल्या ग्राहकाला मात्र फाइल स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये हवी असते, त्यामुळे कूटबद्धता केवळ वाटेपुरती उपयोगी पडते आणि फाइल उघडल्यानंतर चिन्हच सोबत राहते.

टाइल सेवा चालवणाऱ्यांनी रेफरर, म्हणजे विनंती कोणत्या पानावरून आली हे सांगणारी नोंद, तपासून निश्चिंत होऊ नये, कारण ती नोंद कोणीही खोटी लिहू शकतो. ग्राहकाला दिलेल्या प्रत्येक प्रवेश-किल्लीवर विनंत्यांची मर्यादा ठेवावी आणि एका झूमवरील लागोपाठच्या टाइल ओळीने मागणारी किल्ली दिसली की तिच्याकडे लक्ष द्यावे. कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा देण्यासाठीच्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवलेली टाइल सर्वांना एकच जाते, त्यामुळे तिच्यात ग्राहकाचे चिन्ह घालता येत नाही, ही अडचण खरी आहे. चित्रफितींच्या सेवांमध्ये वापरतात ती युक्ती येथेही चालते: प्रत्येक टाइलच्या डाव्या आणि उजव्या चिन्हाच्या दोनच आवृत्त्या कॅशमध्ये ठेवायच्या आणि कोणत्या ग्राहकाला कोणत्या जागी कोणती आवृत्ती द्यायची हे त्याच्या संकेतांकावरून ठरवायचे. साठवण दुप्पट होते, पण कॅशचा लाभ बराचसा टिकतो.

नवी आवृत्ती देण्यापूर्वी आम्ही एक नमुना प्रत घेऊन तिचे हाल करतो: प्रक्षेपण बदलतो, एक मीटरच्या सहनशीलतेने सुलभ करतो, पाच दशांश स्थळांवर निर्यात करतो, एक तालुका कापतो, झूम १४ च्या टाइल करून त्यातून रेषा परत काढतो. प्रत्येक वेळी ५६ हून अधिक बिट परत आले तरच आवृत्ती बाहेर जाते. तिसऱ्या गळतीत सापडलेली फाइल व्हेक्टर टाइलमधूनच काढलेली होती, तिच्यातली आमची नावे आणि स्तंभ पूर्ण पुसलेले होते आणि भोरच्या बाजूच्या एका घाटापुरताच तुकडा शिल्लक होता. लहान तुकडा म्हणून पाच बिट दिसलेच नाहीत. दिसलेल्या ५९ पैकी ५८ एकाच संकेतांकाशी जुळले. नोंदवहीत त्या संकेतांकासमोरची ओळ होती, हॅश होता, लिंक उघडल्याची वेळ होती. आम्ही ती तीन पाने ग्राहकापुढे ठेवली, तेव्हा त्यांनी आपल्या उपकंत्राटदाराकडे चौकशी केली आणि आठवड्याच्या आत तो नकाशा संकेतस्थळावरून उतरला.